बेरीज बरोबर, जोडणी चूक

दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्या भागात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण आहे. बालभारतीचे हे पुस्तक २०१८ साली आले. वीजनिर्मितीच्या निरनिराळ्या पद्धती सांगता सांगता हे प्रकरण सौर घटापाशी येते आणि तिथे थोडे रेंगाळते. आम्ही शाळेत होतो तेव्हा सौर घट भेटायचा तो कॅल्क्युलेटरवरच्या काळ्या पट्टीत, नाहीतर उपग्रहाच्या चित्रात. आता तो शाळेच्या गच्चीवर आहे, शेतातल्या पंपाशेजारी आहे, आणि २०२४ साली सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेनंतर शेजाऱ्यांच्या स्लॅबवरही येऊन बसला आहे. तेव्हा पुस्तकाने त्याला जागा दिली हे योग्यच झाले. त्या जागेत सौर घटांच्या जोडणीविषयी काय सांगितले आहे आणि काय सांगायचे राहून गेले आहे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

आधी चांगले ते सांगू. सिलिकॉनच्या एक चौरस सेंटिमीटर घटापासून सुमारे ३० मिलिअँपिअर धारा आणि ०.५ व्होल्ट विभवांतर मिळते. घट मोठा केला की धारा वाढते, विभवांतर मात्र तेवढेच राहते, हे पुस्तक आकड्यांसकट सांगते. क्षेत्रफळाचा विभवांतराशी संबंध नाही ही गोष्ट मुलांना सहजी पटत नाही, म्हणून ती स्पष्ट सांगितली हे फार बरे. हे आकडे प्रामाणिकही आहेत. ०.५ ला ३० ने गुणले तर १५ मिलिवॅट येतात. भर दुपारी एक चौरस सेंटिमीटरवर पडणारी सूर्याची शक्ती साधारण १०० मिलिवॅट असते. म्हणजे कार्यक्षमता १५ टक्के. पुस्तक हा गुणाकार करत नाही, पण शिक्षकांनी वर्गात तो जरूर करून घ्यावा. पाठ्यपुस्तकातल्या आकड्यांमधून खऱ्या जगातला एक आकडा बाहेर काढण्याची संधी काही रोज येत नाही.

यानंतर पुस्तक जोडणीकडे वळते. १०० चौरस सेंटिमीटरचे ३६ घट एकसर जोडले की १८ व्होल्ट आणि ३ अँपिअर देणारे पॅनेल तयार होते. अशी पॅनेल एकसर जोडून माळ होते, माळा समांतर जोडून मोठा समूह होतो. एकसर जोडणीत विभवांतरांची बेरीज, समांतर जोडणीत धारांची बेरीज. गेल्या वर्षांत विद्युत घट आणि रोध यांच्या जोडण्या शिकून आलेल्या मुलाला यात नवे काहीच वाटत नाही. तो ३६ ला ०.५ ने गुणतो आणि पुढे जातो. परीक्षेतही या भागावर सहज काढता येतो तो प्रश्न गुणाकाराचाच.

गंमत अशी की, गावात इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या बसवणाऱ्या माणसाला विचारले तर तोही हेच सांगतो : “सिरीजमध्ये व्होल्टेज वाढतं, पॅरललमध्ये करंट वाढतो.” बोर्डात उत्तम गुण मिळवणारी मुलगी आणि दहावीनंतर आयटीआयला जाऊन वायरमन झालेला तिचा भाऊ, दोघांच्याही हाती शाळेने हेच एक वाक्य दिलेले असते. मुलीचे त्यावाचून फारसे अडत नाही. भावाचे मात्र रोज अडते.

हे वाक्य खोटे आहे असे आमचे म्हणणे नाही. पण तो नियम नव्हे; एका ठरावीक परिस्थितीत मिळणारे ते उत्तर आहे. ती परिस्थिती अशी : जोडलेले सगळे घट अगदी सारखे, सगळ्यांवर ऊन सारखे, आणि पुढचा भारही प्रत्येक घट आपल्या सोयीच्या विभवांतरावर काम करील असाच निवडलेला. यातले काहीही हलले की बेरीज कोलमडते. जोडणीने खरोखर जे होते ते वेगळेच आणि कितीतरी साधे आहे. एकसर जोडणी सर्वांमधून एकच धारा जायला लावते. समांतर जोडणी सर्वांना एकच विभवांतर घ्यायला लावते. जोडणीची सक्ती एवढीच. बेरीज त्यानंतर येते, आणि काय बेरजेला येते ते प्रत्येक घट त्या सक्तीखाली कसा वागतो यावर ठरते.

हे फळ्यावर सांगून पटणार नाही, म्हणून एक प्रयोग. ६ व्होल्ट, १ वॅट असे लिहिलेल्या तळहाताएवढ्या सौर पट्ट्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. एका पट्टीची धारा किती? १ भागिले ६, म्हणजे सुमारे १६५ मिलिअँपिअर. अशा दोन सारख्या पट्ट्या घ्या आणि भार म्हणून १८ ओहमचा एक रोध. पट्ट्या एकसर जोडून उन्हात ठेवा आणि रोधाच्या टोकांवरचे विभवांतर मोजा. मुले १२ व्होल्टची वाट पाहात असतील. मीटर दाखवील सुमारे ३. आता त्याच पट्ट्या समांतर जोडा, रोध तोच ठेवा. मीटर जवळजवळ ६ व्होल्टपर्यंत चढेल. एकसर जोडणीत विभवांतर कमी आणि समांतर जोडणीत जास्त! पट्ट्या तापल्या असतील किंवा ऊन थोडे कमी असेल तर आकडे खाली येतील, पण समांतरचा आकडा मोठाच राहील.

पुस्तकातला नियम मुलांच्या डोळ्यांदेखत उलटा झाला. असे का झाले? एका पट्टीतून १६५-१७० मिलिअँपिअरहून अधिक धारा निघू शकत नाही. ती मर्यादा सूर्याने घातली आहे. दोन पट्ट्या एकसर जोडल्या तरी दोघींमधून एकच धारा जायची, म्हणून मर्यादा तीच. १८ ओहममधून ०.१७ अँपिअर गेले की ओहमच्या नियमाने ३ व्होल्ट होतात, त्याहून जास्त होणे शक्यच नाही. समांतर जोडणीत दोघींच्या धारा रोधात एकत्र येतात, ०.३३ अँपिअर होतात, आणि १८ ने गुणल्यावर सहाच्या आसपास पोचतात. आता १८ ओहमच्या जागी १०० ओहमचा रोध लावा. एकसर जोडणी १२ व्होल्ट किंवा थोडे अधिकही दाखवील आणि समांतर जोडणी सहा-साडेसहा. पुस्तक पुन्हा खरे झाले. बदलला फक्त भार.

हाच प्रकार बॅटरीच्या बाबतीत पाहिला तर आणखी मौज येते. एका १२ व्होल्टच्या बॅटरीला १८ ओहमचा रोध लावला तर ०.६७ अँपिअर धारा वाहते. तशीच दुसरी बॅटरी समांतर जोडली तर रोधातली धारा किती होईल? बहुतेक मुले दुप्पट म्हणतात, कारण समांतर जोडणीत धारा वाढते असे ती शिकली आहेत. पण विभवांतर १२ व्होल्टच राहिले आहे, त्यामुळे धारा तेवढीच, ०.६७ अँपिअर. प्रत्येक बॅटरी त्यातली निम्मी देते, म्हणजे तिला विसावा मिळतो, इतकेच. उलट त्या एकसर जोडल्या तर विभवांतर २४ होते आणि धारा दुप्पट होते! समांतर जोडल्याने वाढते ती बॅटऱ्यांची साठवण. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या समांतर जोडल्या की १२ व्होल्टवर ३०० अँपिअर-तास मिळतात, एकसर जोडल्या की २४ व्होल्टवर १५०. दोन्ही गुणाकार ३६०० वॅट-तास. जोडणी बदलून ऊर्जा वाढत नाही, ही इतकी सरळ गोष्ट ‘पॅरलल केल्यावर बॅकअप जास्त’ असे सांगणाऱ्या विक्रेत्यासमोर मात्र कुणाला आठवत नाही.

सौर घट आणि विद्युत घट यांच्यातला हा फरक आमच्या मते त्या प्रकरणाने सांगायलाच हवा होता. बॅटरी विभवांतर जवळजवळ कायम ठेवते आणि भार मागेल तेवढी धारा देते. सौर घट, उन्हाच्या प्रमाणात ठरलेली धारा जवळजवळ कायम ठेवतो आणि भार घेईल तेवढे विभवांतर देतो. तेही एका मर्यादेपर्यंतच, त्यानंतर धारा वेगाने गळते. दोघांनाही ‘घट’ म्हटल्यामुळे ही सख्खी भावंडे आहेत असा समज होतो. स्वभावाने ती जवळजवळ उलटी आहेत.

ज्यांना फळ्यावर आलेख काढायला आवडते त्यांच्यासाठी याहून चांगला मार्ग आहे. आडव्या अक्षावर विभवांतर घ्या, उभ्या अक्षावर धारा. बॅटरीचा आलेख जवळजवळ उभी रेघ येईल, १२ व्होल्टवर रोवलेल्या खांबासारखी. सौर पट्टीचा आलेख डावीकडून पठारासारखा सपाट जातो आणि एका खांद्यापाशी येऊन कड्यासारखा खाली उतरतो. ऊन कमी झाले की पठाराची उंची त्याच प्रमाणात घटते, पण कडा जवळजवळ जागच्या जागी राहतो. आता एकसर जोडणी म्हणजे एकाच उंचीवर दोन्ही आलेखांच्या रुंद्या मिळवणे, आणि समांतर जोडणी म्हणजे एकाच रुंदीवर त्यांच्या उंच्या मिळवणे. शेवटी भाराची तिरपी रेघ काढायची. ती आलेखाला छेदते तिथे उत्तर. वर सांगितलेले सगळे चमत्कार या एका आकृतीत दिसतात. दहावीच्या मुलांना हे झेपणार नाही असे कुणी म्हणेल, पण आलेख वाचणे तर ती गणितात शिकतच असतात.

आता सावलीकडे येऊ. त्या प्रकरणातली सर्वांत मोठी उणीव आम्हांला सावलीची वाटते. पुस्तकातले सौर पॅनेल नेहमी स्वच्छ उन्हात असते. खऱ्या गच्चीवर पाण्याची टाकी असते, कठडा असतो, डिश अँटेना असते, शेजारचा नारळ असतो, आणि कावळे तर असतातच.

स्लॅब टाकताना माणसांची रांग घमेली पुढे पुढे सरकवते ते सगळ्यांनी पाहिले आहे. रांगेत ३६ माणसे आहेत आणि त्यातला एक दमला. बाकीचे ३५ कितीही दणकट असले तरी वर पोचणारी घमेली त्या एकाच्या गतीने पोचणार. पुस्तकातल्या पॅनेलमधल्या ३६ पैकी एका घटावर अर्ध्यापर्यंत सावली पडली असे समजा. त्या घटाची धारा ३ वरून दीड अँपिअरवर येते. धारा सगळ्यांमधून एकच जायची, म्हणून १२ व्होल्टची बॅटरी भारत असलेल्या त्या पॅनेलची धारा जवळजवळ दीड अँपिअरवर येते. सावली पडली पॅनेलच्या बहात्तराव्या भागावर आणि वीज गेली निम्मी.

घमेल्यांची उपमा इथपर्यंत चालते, पुढे नाही. पुढे जे होते ते त्या दमलेल्या माणसाच्या दृष्टीने फार वाईट आहे. उरलेले ३५ घट कमी धारेवर काम करताना प्रत्येकी ०.५७ व्होल्टच्या आसपास जातात, म्हणजे मिळून सुमारे २०. बॅटरी त्यातले १३ घेते. उरलेले ७ व्होल्ट कुठे जायचे? ते त्या सावलीतल्या घटावर उलटे येऊन पडतात. आता तो वीज देत नाही, तर खातो. ७ व्होल्ट गुणिले दीड अँपिअर म्हणजे दहा वॅटहून अधिक उष्णता, पोस्टकार्डापेक्षाही लहान घटामध्ये. बारीकशी सोल्डरिंग इस्त्री पॅनेलच्या काचेमागे ठेवल्यासारखेच हे. काही जुन्या पॅनेलांवर एखादाच घट तपकिरी पडलेला दिसतो, त्यामागे अनेकदा हे कारण असते. या जागेला तंत्रज्ञ ‘हॉट स्पॉट’ म्हणतात. घटांच्या बेरजेचा नियम पाठ असलेल्या कुणालाही, एक घट बाकीच्यांची वीज खाऊन भाजेल, हे सुचणार नाही. सर्वांमधून एकच धारा जाते एवढेच ज्याने मनात धरले आहे त्याला ते दोन पायऱ्यांत सापडते.

याच्यावर उपाय म्हणून पॅनेलच्या मागच्या काळ्या डबीत बायपास डायोड बसवलेले असतात. ३६ घटांच्या पॅनेलमध्ये बहुधा दोन, दर १८ घटांना एक. एखादा घट अडला की त्याच्या गटाला वळसा घालून धारा डायोडमधून जाते. पण इथेही हिशेब पाहावा लागतो. एक गट वगळला की पॅनेलजवळ उरतात ९ व्होल्ट, आणि ९ व्होल्टने १२ व्होल्टची बॅटरी भारता येत नाही. म्हणून वरच्या उदाहरणात डायोड असूनही तो कामाला येत नाही. तशीच दोन पॅनेल एकसर जोडून योग्य चार्ज कंट्रोलरमधून त्याच बॅटरीला दिली, तर ३६ पैकी ९ व्होल्ट जाऊन २७ उरतात आणि डायोडचा खरा उपयोग होतो. समांतर जोडलेल्या दोन पॅनेलांपैकी एकावर टाकीची सावली आली तर दुसऱ्याचे काही बिघडत नाही. कमी उन्हातही विभवांतर फारसे उतरत नसल्यामुळे सावलीतलेही आपला अल्पसा वाटा देत राहते. मग सावलीच्या जागी एकसर बरी की समांतर? याचे उत्तर सावली कशी पडते, डायोड किती आहेत आणि भाराला किती विभवांतर हवे आहे हे विचारल्याशिवाय देता येत नाही. अलीकडच्या पॅनेलांत तर घट मधोमध कापून वरचा अर्धा भाग आणि खालचा अर्धा भाग एकमेकांना समांतर जोडतात, म्हणजे खालच्या कडेवर कठड्याची सावली आली तरी वरचा भाग चालू राहतो. पुस्तकातली घट, मग एकसर पॅनेल, मग समांतर माळा ही उतरंड आता पॅनेलच्या पोटातच बदलली आहे.

सावलीच्या बाबतीत मुलांना फसवणारे एक उपकरण शाळेत असतेच : व्होल्टमीटर. पॅनेलला दुसरे काही न जोडता त्याच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून हाताने थोडी सावली करा. काटा जेमतेम हलेल. मूल वहीत लिहील की सावलीचा परिणाम होत नाही. निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष साफ चूक. व्होल्टमीटर धारा घेतच नाही, आणि सावली तर धारेवरच घाला घालते.

१८ व्होल्टची गोष्टही पुस्तकात अर्धीच राहिली आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीसाठी १८ व्होल्ट कशाला, हा प्रश्न चांगल्या वर्गात उठतोच. बॅटरी पूर्ण भरायला सुमारे १४.४ व्होल्ट लागतात. वर तारांमध्ये आणि डायोडमध्ये थोडे जातात. शिवाय सौर घट तापला की त्याचे विभवांतर दर अंश सेल्सिअसला दोन मिलिव्होल्टच्या आसपास घटते. पॅनेलवर छापलेला आकडा घटाच्या २५ अंश तापमानाचा असतो, आणि नागपूरच्या किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात घट ६५ अंशांपर्यंत सहज तापतो. ४० अंश गुणिले ३६ घट गुणिले २ मिलिव्होल्ट, म्हणजे जवळजवळ ३ व्होल्ट. १८ चे १५ झाले. बॅटरीला हवे तेवढेच कसेबसे उरले. ३६ या आकड्यामागे असा हिशेब आहे. एका वाक्यात सांगता आला असता, आणि उन्हाळ्यात वीज जास्त मिळते ही मुलांची पक्की समजूतही त्याच वाक्याने जरा हलली असती.

मग एकसर जोडणीची एवढी कटकट करायची कशाला, सगळेच समांतर का जोडू नये? याचे उत्तर तारेत आहे. २४० वॅट १२ व्होल्टवर न्यायचे तर २० अँपिअर धारा लागते. चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार दहा मीटर जाऊन परत आली की तिचा रोध सुमारे ०.०९ ओहम होतो. २० चा वर्ग गुणिले ०.०९ म्हणजे ३६ वॅट तारेतच संपले. तेच २४० वॅट ४८ व्होल्टवर नेले तर धारा ५ अँपिअर, आणि तारेतला तोटा सव्वादोन वॅट. म्हणून शेतातल्या सौर पंपांची पॅनेल एकसर जोडून काहीशे व्होल्ट केलेले असतात. त्या बदल्यात बांधावरच्या एका बाभळीची सावली सगळ्या माळेला भोवते.

बॅटऱ्यांच्या बाबतीत एक शाळा आठवते. तालुक्याच्या गावची, गच्चीवर पॅनेल, संगणकासाठी २४ व्होल्टचा इन्व्हर्टर. दोन-दोन बॅटऱ्या एकसर आणि त्या दोन जोड्या समांतर, अशी चार बॅटऱ्यांची जोडणी. पैकी एक निकामी झाली. बॅटरीवाल्याने तेवढी बदलून दिली. चारही बदलायला पैसे कुठून आणायचे? वर्षाच्या आत नवी बॅटरी गेली आणि तिच्याबरोबर एकसर असलेली जुनीही. मुख्याध्यापकांना वाटले माल खोटा. चार्जरवरचे आकडे तर नेहमी बरोबर होते.

खोट त्या बरोबर असण्यातच होती. चार्जर २८.८ व्होल्टपर्यंत भारतो आणि थांबतो. त्याला दिसते ती बेरीज. जुन्या बॅटरीची साठवण कमी झालेली असते, म्हणून एकाच धारेने ती आधी भरते. तिचे विभवांतर साडेपंधरापर्यंत चढते, आतले पाणी वायू होऊन उडू लागते. त्या वेळी नवी जेमतेम १३.३ वर असते. १५.५ अधिक १३.३ बरोबर २८.८. चार्जर समाधानाने थांबतो. जुनी रोज उकळत राहते आणि नवी रोज उपाशी राहते, आणि शिशाची बॅटरी अर्धपोटी राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो. वीज वापरतानाही तसेच : जुनी आधी रिकामी होते आणि बेरीज ठीक दिसते तोवर नवी तिच्यातून धारा ढकलत राहते.

समांतर बॅटऱ्यांत धोका वेगळा आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत २.१ व्होल्टचे सहा कप्पे असतात. दोन बॅटऱ्यांपैकी एकीचा एक कप्पा आतून शॉर्ट झाला तर तिच्याकडे १०.५ व्होल्ट उरतात आणि दुसरीकडे १२.६. दोघींना एकच विभवांतर घ्यायची सक्ती आहे. फरक २.१ व्होल्टचा, आणि दोघींचा अंतर्गत रोध मिळून २० मिलिओहम धरला तर धारा १०५ अँपिअर, बाहेर एकही दिवा लावलेला नसताना. म्हणून समांतर बॅटऱ्यांच्या प्रत्येक ओळीला स्वतंत्र फ्यूज लागतो. आणखी एक बारकावा बरेच कारागीर पाळतात, पण कारण विचारले तर सांगता येत नाही : समांतर ओळीत धन तार पहिल्या बॅटरीवरून घ्यावी आणि ऋण तार शेवटच्या. दोन्ही एकाच बॅटरीवरून घेतल्या तर दूरच्या बॅटऱ्यांच्या वाट्याला जोडतारांचा जास्त रोध येतो आणि जवळचीच राबत राहते.

पुस्तकाच्या बाजूनेही एक सांगायला हवे. ते प्रकरण विजेच्या जोडण्यांचे नाहीच. औष्णिक, आण्विक, जल, पवन असा सगळा पसारा त्याला काही पानांत मांडायचा आहे. त्यात बायपास डायोड आणि सल्फेट कुठे घालणार? पण हा बचाव पूर्ण पटत नाही. जोडणीला जी वाक्ये दिली आहेत तेवढ्याच जागेत, बेरजेच्या आधी, एकसर म्हणजे एकच धारा आणि समांतर म्हणजे एकच विभवांतर, हे लिहिता आले असते. आणि गुणाकाराऐवजी एकच प्रश्न, ३६ पैकी एका घटावर पान पडले तर काय होईल. जागा वाढली नसती. शिवाय दहावीनंतर विज्ञान सोडणाऱ्या मुलांची सौर विजेशी शाळेतली गाठ पुष्कळदा एवढ्यावरच संपते.

पुस्तक बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. दोन सौर पट्ट्या, १८ आणि १०० ओहमचे पाच वॅटचे रोध (लहान रोध हाताला चटका देतात), एक मल्टिमीटर आणि १एन४००७ जातीचे दोन डायोड, एवढ्यावर दोन तासिका उत्तम जातात. वेळ सकाळी अकरा ते दुपारी दोन. पट्ट्या एकसर जोडून, १८ ओहमचा रोध लावून, एका पट्टीवर वही ठेवा. धारा जवळजवळ शून्य होईल. आता झाकलेल्या पट्टीला समांतर डायोड लावा, त्याची पांढरी रेघ पट्टीच्या धन टोकाकडे ठेवून. धारा परत येईल. मुलांना आधी अंदाज लिहायला सांगा, मग मोजा.

सौर पट्टीची टोके थेट ॲमीटरने जोडली तरी बिघडत नाही. तिची शॉर्ट सर्किटची धारा नेहमीच्या धारेहून किंचितच अधिक असते, आणि ती मोजणे हा उन्हाची तीव्रता मोजण्याचा स्वस्त मार्गही आहे. तेच बॅटरीला केले तर शेकडो अँपिअर वाहतात, तार वितळते, मीटर जळतो आणि हात भाजतो. आकृतीत दोन्हींचे चिन्ह सारखेच दिसते, म्हणून पट्टीवर ॲमीटर लावून दाखवण्याआधी हा फरक फळ्यावर लिहून ठेवावा. आणि गच्चीवरच्या मोठ्या माळेची जोडणी दिवसा उघडून दाखवायच्या फंदात पडू नये. ऊन आहे तोवर ती माळ बंद करता येत नाही, आणि काहीशे व्होल्टच्या एकदिश धारेची ठिणगी एकदा पडली की सहजासहजी विझत नाही.